कादंबरीसाठी आताच नोकरी सोडू का?

इंदिरानगरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. वय ५५, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात २८ वर्षं नोकरी. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

‘नऊ वर्षं रात्रीची जेवणं आवरल्यावर लिहून एक कादंबरी पूर्ण केली. निफाडकडच्या द्राक्षबागायतदार घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची गोष्ट आहे. एका प्रकाशकांनी ती स्वीकारली. लेखकाने २ लाख ४० हजार भरायचे, १००० प्रती निघतील, त्यातल्या १०० मला आणि बाकीच्यांच्या विक्रीवर १० टक्के मानधन. किंमत ४५० रुपये. पाडव्याच्या आत सही केली तर १५ हजार सूट. एफडी मोडून पैसे भरायचा विचार आहे. दुसरी कादंबरी डोक्यात तयार आहे, पण ती आता तासा-दीड तासाच्या तुकड्यांत उतरत नाही, म्हणून राजीनामाही द्यावा असं वाटतं. निवृत्ती ५८ ला आहे. पगार हातात ५२ हजार, सातपूरच्या गाळ्याचं भाडं १६ हजार, घरखर्च ३६ हजार, मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता १५ हजार, तो अजून तीन वर्षं. पीएफ १९ लाख, एफडी ११ लाख, म्युच्युअल फंड ६ लाख, पीपीएफ ५ लाख. घर स्वतःचं. यजमानांना मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, आणि विमा फक्त माझ्या कंपनीचा. ते म्हणतात, पैसे तुझे, तू ठरव. पण आधीच उशीर झालाय. आणखी तीन वर्षं थांबले तर माझ्याकडून लिहून होईल का?’

ताई, आधी प्रकाशकांच्या कागदाचं बोलू, कारण त्याला मुदत आहे.

४५० च्या १० टक्के म्हणजे प्रतीमागे ४५ रुपये. तुमच्या १०० प्रती वगळून उरलेल्या ९०० पैकी शेवटची प्रतसुद्धा विकली गेली, तर तुम्हाला ४० हजार ५०० रुपये मिळतील. भरलेले २ लाख ४० हजार मानधनातून वसूल व्हायला ५ हजारांहून जास्त प्रती विकाव्या लागतील, आणि छापणार आहेत १०००. म्हणजे पुस्तक अगदी हातोहात खपलं तरी मानधनाच्या हिशेबात जवळपास दोन लाखांचा तोटा या करारातच लिहिलेला आहे. शिवाय छपाईचा सगळा खर्च तुमच्याकडून आधीच मिळाल्यावर त्या प्रती दुकानांत पोचवायची धडपड समोरच्याने कशासाठी करावी? माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी असाच करार केला होता. त्यांच्या माळ्यावर आजही सहाशेच्या वर प्रती गठ्ठ्यांत बांधून ठेवलेल्या आहेत. त्यांना पैसे गेल्याचं दुःख फारसं नाही. पुस्तक कोणी वाचलं नाही याचं आहे, आणि ते ऐकताना मलाही फार वाईट वाटतं.

करारात हक्कांविषयी काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाही. ते नीट वाचा. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द असतील तर सहीच करू नका. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ही मालमत्ता तुमच्या मुलीपर्यंत आणि तिच्या मुलांपर्यंत जाणारी आहे. हक्क द्यायचे ते लेखी, ठरावीक वर्षांसाठी, आणि छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे सगळं वेगवेगळं नमूद करून. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते.

पाडव्याची सूट जाऊ द्या. नऊ वर्षं लिहिलेल्या पुस्तकाचा निर्णय १५ हजारांच्या घाईने करायचा नसतो.

आता राजीनामा. प्रकाशन आणि नोकरी हे दोन निर्णय तुम्ही एकाच गाठीत बांधले आहेत, ते सोडवून वेगवेगळे पाहू. आज नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी धरून (तुम्ही कळवलेल्या ३० हजार मूळ पगारावर ती साधारण ४ लाख ८५ हजार होते) तुमच्याकडे सुमारे ४६ लाख असतील. मुलीच्या कर्जाचे उरलेले हप्ते ५ लाख ४० हजार आणि प्रकाशकांचे २ लाख ४० हजार गेले की राहतात ३८ लाख. गाळ्याचं भाडं वजा जाता घरखर्चाला महिन्याला २० हजार कमी पडतात, त्यात दोघांच्या विम्याचा हप्ता वर्षाला ६० हजार धरला तर वर्षाचे ३ लाख या पुंजीतून काढावे लागतील. पहिल्याच वर्षी जवळपास ८ टक्के! महागाई ६ टक्के, परतावा साडेसात टक्के आणि पुढे मिळणारी पीएफची छोटी पेन्शन धरूनही ही रक्कम तुमच्या सत्तरीच्या आसपास संपते.

५८ पर्यंत थांबलात तर? पीएफमध्ये तुमची आणि कंपनीची भर पडते, एफडी आणि पीपीएफचं व्याज चालू राहतं, हप्ते पगारातून फिटतात, ग्रॅच्युइटी ५ लाख ९० हजारांच्या घरात जाते. म्युच्युअल फंडावर वर्षाला ८ टक्केच धरले आणि दरमहा १३ हजार बाजूला पडले, तरी ६४ लाखांच्या आसपास जमतील. त्यातून मी खाली सुचवणारा खर्च वजा केला तरी ६१. तेव्हाचा वाढलेला खर्च धरून हे पैसे ऐंशीच्या जवळपर्यंत पुरतात, आणि गाळा तुमच्याच नावावर राहतो. तीन वर्षांच्या नोकरीतून तुम्हाला जवळपास दहा वर्षं मिळताहेत. लिहिणाऱ्या माणसाला ती दहा वर्षं केवढी मोलाची!

आणखी दोन गोष्टी अशा आहेत की त्या तुमच्या बाबतीत फार महत्त्वाच्या ठरतात. पोस्टाची आणि बँकांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर सगळ्यांना खुली असते, पण ५५ ते ६० या वयात ती निवृत्त झालेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती योजनेतून बाहेर पडलेल्यांनाच मिळते, तीही निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. साधा राजीनामा दिलात तर साठीपर्यंत दार बंद. ५८ ला रीतसर निवृत्त झालात तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीतले ३० लाख तिथे ठेवता येतील. ८.२ टक्के दर धरला तर दर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. घरखर्चाला जे कमी पडतं त्याचा मोठा भाग यातूनच निघेल. तसंच पीएफची पेन्शन ५८ च्या आधी चालू केली तर दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कमी होतात.

दुसरी गोष्ट विम्याची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. नोकरी सुटली की कंपनीचा विमा सुटतो. स्टेंट आणि मधुमेह असलेल्या माणसाला नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. आज नोकरी सोडलीत तर तेवढा काळ यजमानांना हृदयाच्या आजारासाठी नव्या पॉलिसीचं कवच नसेल. एकदा अँजिओग्राफी झाली, चार दिवस आयसीयू लागला, की कादंबरीसाठी ठेवलेली एफडी त्यात जाईल. उलट आजच वैयक्तिक पॉलिसी घेतलीत तर कंपनीचा विमा चालू असतानाच हा काळ संपतो आणि ५८ ला तुम्ही बाहेर पडाल तेव्हा नवी पॉलिसी पूर्ण लागू झालेली असेल. अर्जात स्टेंट, साखर, औषधं, सगळं लिहा. काहीही लपवू नका. एखादी कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे अर्ज करा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. आणि कुठेच जमलं नाही तर सध्याच्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते निवृत्तीच्या बऱ्याच आधी एचआरकडून लेखी विचारून ठेवा.

पण तुमचा खरा प्रश्न वेळेचा आहे. ‘माझ्याकडून लिहून होईल का’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तीन वर्षं नुसतं थांबा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते २ लाख ४० हजार मोडाच, फक्त ते छपाईत न घालता वेळेत घाला. स्वयंपाकाला बाई लावा. तुमच्या भागात महिना ४ हजार धरले तर तीन वर्षांचे १ लाख ४४ हजार होतात. एक महिना बिनपगारी रजा मागा, त्याचे ५२ हजार. साठलेली रजा विकू नका, ती दुसऱ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यासाठी जोडून घ्या. आणि ४० हजार एका चांगल्या संपादकाला, पहिली कादंबरी ओळ न् ओळ तपासून घ्यायला. सगळे मिळून २ लाख ३६ हजार. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ हे दोन तास तुमचे झाले तर आठवड्याला बारा-चौदा तास मिळतात. गेली नऊ वर्षं तुम्ही झोपेतले तास काढून लिहिलंत, ताई. घरातल्या कुणाला तरी पोळ्या लाटाव्या लागतात म्हणून बाईची कादंबरी रात्री अकराला सुरू व्हावी, हे मला पटत नाही. आणि पगार येतो आहे तोवर त्या पोळ्यांचे पैसे देणं तुम्हाला सहज परवडतं. घरात बसून जमत नसेल तर शनिवारी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन बसा. १८४० पासून चालू असलेलं ते वाचनालय आपल्या गावात आहे.

उशिराचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यात जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची आत्मकथा १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. इंग्लंडमध्ये पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ मध्ये आली, त्यांच्या साठीत. दोनच वर्षांनी त्यांना बुकर मिळालं, आणि कादंबऱ्या लिहितानाही त्यांचं शिकवण्याचं काम चालूच होतं.

पहिल्या कादंबरीसाठी वर्षभर असं करा. संपादनानंतर लेखकाकडून पैसे न घेणाऱ्या चार-पाच प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवा. उत्तराला महिने लागतात, त्याची तयारी ठेवा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिलं पुस्तक असलेल्यांसाठीच आहे, तिची जाहिरात आली की अर्ज भरा. कादंबरीतलं एखादं स्वतंत्र उभं राहील असं प्रकरण दिवाळी अंकांना उन्हाळ्यातच पाठवा. लेखकाचं नाव वाचकांपर्यंत नेण्याचं काम दिवाळी अंक १९०९ पासून करत आले आहेत, आणि त्याला तुमचा एक पैसाही लागत नाही.

वर्षभरात काहीच हाती लागलं नाही तर स्वतः काढा, पण ३०० प्रती. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई यांची वेगवेगळी दरपत्रकं घ्या आणि एकूण मर्यादा ७५ हजार ठेवा. हे पैसे दरमहा बाजूला पडणाऱ्या १३ हजारांतून सहा महिन्यांत उभे राहतात, एफडीला हात लावावा लागत नाही. आयएसबीएन सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. दुकानदार आणि वितरक किमतीचा मोठा वाटा कमिशन म्हणून घेतात, तेव्हा निम्म्या प्रती तरी थेट वाचकांना विकायचा बेत आधी करा: निफाड, पिंपळगाव, ओझरची वाचनालयं, महिला मंडळं, तुमच्या माहेरचं गाव. ती गोष्ट त्यांचीच आहे. मानधनावरच्या कराची चिंता सध्या नको, तुमच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही.

५८ ला निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ लिहा, बिनधास्त. त्याआधी काही बदललं, म्हणजे मुलीने हप्ते स्वतः उचलले किंवा कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची रीतसर योजना काढली, तर मला कळवा. मग हे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतील, आणि कदाचित माझं उत्तरही बदलेल.

या आठवड्यात दोनच कामं करा. एचआरला रजेविषयी विचारा, आणि यजमानांचे डिस्चार्ज पेपर्स जोडून दोन-तीन विमा कंपन्यांकडून कोटेशन मागवा. ती आली की पाठवा, हप्ता आणि अटी मी तपासून देते.