मॅच अर्धवट असताना फोन हिसकावू नका

नाशिकहून एका आईने विचारलं आहे: "मुलगा सातवीत आहे, माझ्याच फोनवर बीजीएमआय हा ऑनलाइन लढाईचा गेम खेळतो. गेल्या महिन्यात न विचारता २,४०० रुपयांचे यूसी, म्हणजे गेममधले पैसे, घेतले. परवा ह्यांनी खेळता खेळता फोन हिसकावला, तर त्याने रिमोट भिंतीवर आपटला. गेमच काढून टाकू का?"

ताई, काढून टाकलात तर तो मित्राच्या फोनवर खेळेल, आणि तिथे कुणाशी, किती वेळ, हे तुम्हाला कळायचंही नाही.

आधी पैशांची वाट बंद करा. तुमचा यूपीआय पिन बहुधा त्याला पाठ झालाय. कार्डाने घेतले असतील, तर ओटीपी त्याच्याच हातातल्या फोनवर येतो. आजच पिन बदला, प्ले स्टोअरमधून कार्ड काढा आणि खरेदीची पडताळणी 'दर वेळी' अशी ठेवा. त्याच्या बोटाचा ठसा फोनमध्ये नोंदवलेला नाही ना, तेही बघा. नाहीतर बाकी सगळं फुकट.

आता भांडणाचं. ऑनलाइन मॅच मध्ये थांबवता येत नाही. चौघांच्या टीममधून एक उठला की उरलेले तिघे अडचणीत येतात, शिव्या ह्याला बसतात, रँकही घसरते. गेममधल्या एरँगल या मोठ्या नकाशावरची मॅच शेवटपर्यंत टिकलं तर अर्ध्या तासाची, लिविक या छोट्या नकाशावरची साधारण पंधरा मिनिटांची. म्हणून "दहा मिनिटांत बंद कर" हे त्याला पाळताच येत नाही. वेळ मिनिटांत नाही, मॅचमध्ये ठरवा: शाळेच्या दिवशी लिविकच्या दोन, आणि साडेसातनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. चालू असलेली संपू द्या, मग फोन मागा. हे त्याच्या बाबांनीही पाळायला हवं. एकाने नियम मोडला की मूल दुसऱ्याकडे जातं.

मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं फॅमिली लिंक हे ॲप तुमच्या स्वतःच्या फोनवर जमणार नाही. त्याला मुलाचं वेगळं खातं आणि वेगळा फोन लागतो. तोवर फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये गेमला रोजची मर्यादा घाला.

रिमोट आपटला म्हणून व्यसन लागलं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. पण झोप, जेवण, शाळा सुटायला लागली तर वर्षभर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.