लकी डुबेचं रेगे बॉब मार्लीपेक्षा वेगळं का वाटतं?

तुम्ही विचारलंय की लकी डुबे रेगेच, म्हणजे मार्लीचं ते जमैकाचं संगीतच गातो, तर त्याची गाणी मार्लीसारखी का वाटत नाहीत, त्यात आफ्रिकन असं नेमकं काय आहे. माझा फार आवडता गायक आहे हा, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आडनाव वाचून आपल्याकडचा दुबे वाटतो पण ते झुलू आहे, म्हणजे साऊथ आफ्रिकेतल्या एका भाषेतलं, डुबे म्हणजे झेब्रा. जन्म १९६४चा, साऊथ आफ्रिकेतल्या एर्मेलोचा. आईची आधीची बाळंतपणं टिकली नव्हती म्हणून याचं नाव लकी, वाढवलं मात्र आजीने. शाळेच्या कॉयरमध्ये गायला लागला आणि मग नात्यातल्या भावाच्या, रिचर्ड सिलुमाच्या बँडमध्ये शिरला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, कारण त्या बँडमध्ये रेगे नव्हतंच, म्बकांगा होतं. हे तिथल्या काळ्या वस्त्यांमधलं नाचायचं संगीत, पुढे धावणारा बेस, खणखणीत गिटार, आणि मागे बायकांचा जोरकस कोरस. मक्याच्या घट्ट लापशीलाही झुलूत हेच नाव आहे, म्हणजे रोजच्या जेवणातली गोष्ट. लकीचे सुरुवातीचे अल्बम सगळे याच प्रकारातले, झुलू भाषेत.

त्याला पीटर टॉश आणि जिमी क्लिफ या जमैकाच्या रेगे गायकांचं वेड होतं. म्बकांगाच्या शोमध्ये मधेच एखादं रेगे गाणं म्हणून बघायचा, लोक उचलून धरायचे, तरी १९८४ला पहिला छोटा रेगे अल्बम काढला तो जेमतेम चार हजार खपला, म्बकांगाचे रेकॉर्ड तीस हजारांच्या आसपास जायचे. वर वर्णभेदी सरकारने त्यावर बंदी घातली. दुसरा कोणी गुपचूप जुन्या धंद्याला लागला असता, याने १९८५ला दुसरा रेगे अल्बम काढला आणि तो प्लॅटिनम झाला, म्हणजे प्रचंड खपला.

आता हेडफोन लावा आणि १९८७चं 'स्लेव्ह' ऐका. गिटार-कीबोर्ड मात्रेवर न पडता मधल्या जागेत पडतात, हा रेगेचा ठेका. पण कोरसकडे कान द्या. मार्लीच्या मागेही तिघीजणी होत्याच, इथे मात्र लकी ओळ टाकतो आणि त्या बायका भरून उत्तर देतात, भजनात बुवा आणि टाळकरी करतात ना अगदी तसं, आणि हे थेट म्बकांगातून आलंय. त्यात त्याचा आवाज, जाड आवाजात गाता गाता एकदम बारीक होऊन वर जातो, माझ्या अंगावर अजून काटा येतो. नाव वाचून गुलामगिरीचं गाणं वाटतं पण ते दारूच्या गुलामीबद्दल आहे, घर उद्ध्वस्त होत असलेल्या माणसाचं. राजकारण त्याने भरपूर गायलं, 'प्रिझनर'मध्ये शाळांऐवजी तुरुंग बांधणाऱ्यांवर बोललाय, पण माझ्या मते तो घरातलं दुःख सर्वात भारी गायचा.

१८ ऑक्टोबर २००७ला जोहान्सबर्गमध्ये मुलांना सोडायला गेलेला असताना गाडी चोरायला आलेल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्रेचाळीस वर्षांचा होता. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

ऐकायचं असेल तर आधी त्याची जुनी झुलू गाणी दोन-तीन ऐका, मग 'स्लेव्ह', मग १९८८चं 'टुगेदर ॲज वन', त्यात तो गोऱ्यांसोबत भारतीय माणसालाही हाक मारतो.