‘धीराने शील’ यातलं शील कोणतं?

प्रश्न: ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते’ (बायबल, रोमकरांस पत्र 5:3-4). शील म्हणजे सदाचार, चारित्र्याची शुद्धता. ती धीर धरल्याने कशी निर्माण होईल? आणि या वचनाच्या आधारे ‘संकट माणसाला घडवतं’ असं लिहिलं तर चालेल का?

अडचण खरी आहे, पण ती हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची नाही, आजच्या मराठीची आहे. शील म्हणजे मुळात स्वभाव, अंगवळणी पडलेली वागणूक. ‘दानशील’, ‘सहनशील’ यांत तोच अर्थ अजून टिकून आहे. ‘शीलभ्रष्ट’सारख्या शब्दांनी त्याला फार अरुंद करून टाकलं.

पौलाचा ग्रीक शब्द आहे ‘दोकिमे’. नव्या करारात तो फक्त पौलाच्या पत्रांत येतो आणि त्याला दोन बाजू आहेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (8:2) मासेदोनियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयी लिहिताना तो ‘पारख’ या अर्थाने येतो: संकटाने त्यांची कसून पारख झाली. फिलिप्पैकरांस पत्रात (2:22) आपला सहकारी तीमथ्य याच्याविषयी तोच शब्द पारखीतून सिद्ध झालेल्या गुणासाठी आहे. हा माणूस कसा आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे, असं पौल म्हणतो. म्हणजे परीक्षा आणि परीक्षेतून ठरलेलं मोल, दोन्हींना एकच शब्द.

असा शब्द मराठीत आहे: कस. ‘कस लागणे’ म्हणजे परीक्षा होणे आणि ‘सोन्याचा कस’ म्हणजे त्याचं मोल. कसोटीचा दगडही याच कुळातला. ‘दोकिमे’च्या कुळातले शब्दही धातूच्या पारखीसाठी वापरले जात. स्तोत्रसंहितेतल्या ‘रुप्याप्रमाणे आम्हांला पारखलेस’ या ओळीच्या (66:10) जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच कुळातलं क्रियापद आहे.

मग भाषांतरात ‘धीराने कस’ का नको? कानाला खटकतं, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: कसोटीचा दगड सोनं बनवत नाही, आहे ते फक्त दाखवतो. पौल मात्र ‘निर्माण होते’ म्हणतो. शील सवयीने, हळूहळू बनत जातं, म्हणून ते तिथे चपखल बसतं. माझं मत विचाराल तर वाचताना शीलच ठेवावं, मनात मात्र कस ऐकावा.

जाता जाता ‘संकट’ही पाहा. संस्कृतात त्याचा एक अर्थ अरुंद, चिंचोळं. पौलाचा शब्द ‘थ्लिप्सिस’ म्हणजे दाब, कोंडी. मत्तयाच्या शुभवर्तमानात (7:14) जीवनाकडे नेणारी वाट अरुंद आहे असं म्हणताना त्याच मुळातला शब्द आला आहे. असे जोड क्वचितच इतके सहज जुळतात.

आता दुसरा प्रश्न. ग्रीक वाक्यात ‘संकट’ हा कर्ताच आहे, तेव्हा व्याकरण तुमच्या बाजूने आहे. तरी ‘संकट माणसाला घडवतं’ एवढंच लिहिलं तर पौलाचं म्हणणं अर्धं राहतं. संकट आपोआप कुणाला घडवत नाही. त्याने माणसं कडवटही होतात, हे आपण पाहतोच. पौलाची साखळी पाचव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून सुरू होते. विश्वासाने नीतिमान ठरलेल्यांना देवाशी शांती मिळाली आहे, तीच माणसं संकटांतही अभिमान बाळगतात. आणि आशा लाजवत नाही, याचं कारण पाचव्या ओवीत आहे. तिथे संकटाचं नाव नाही. पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती अंतःकरणांत ओतली गेली आहे, असं म्हटलं आहे. ख्रिस्ती माणूस भरवसा ठेवतो तो दुःखावर नव्हे, त्या दुःखातही हात न सोडणाऱ्यावर.

म्हणून विभक्ती बदला: ‘देव संकटातून माणसाला घडवतो’. ‘संकटाने’ म्हटलं की सगळं श्रेय संकटाकडे जातं, ‘संकटातून’ म्हटलं की ती नुसती वाट उरते. फक्त ‘देव घडवण्यासाठीच संकट पाठवतो’ असं पुढे जोडू नका. या दोन ओळींत तसं कुठेच म्हटलेलं नाही.