सातारा-सांगली भागात पॅसेंजरच्या खिडकीतून सगळ्यात भारी काय दिसतं?

माझं मत विचाराल तर आदर्कीचा घाट, तोही जुलै-ऑगस्टमध्ये. बाकी सगळं नंतर.

पुण्याकडून येताना लोणंद, सालपेपर्यंत माळरान असतं. मग गाडी दमानं चढायला लागते. बोगदा, अंधार, पोरांचा ओरडा, आणि बाहेर पडलं की एकदम हिरवंगार. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं. खिडकीच्या गजांवर पावसाचे थेंब ओळीनं लटकलेले असतात, गाडीला हिसका बसला की सगळे एकदम मांडीवर! कोणत्या बाजूला बसायचं म्हणाल, तर घाटात त्याला अर्थ नाही. दारापाशी मात्र उभं राहू नका.

वर चढलं की वाठार. महाबळेश्वरला जाणारे इंग्रज साहेब पूर्वी इथंच उतरायचे. पुढे जरंडेश्वराचा डोंगर बराच वेळ सोबत करतो.

साताऱ्यानंतर प्रदेश सपाट होतो. कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. नवखा माणूस इथं हमखास गोंधळतो. तिथून सांगलीपर्यंत ऊसच ऊस. काहींना कंटाळवाणं वाटेल, पण डिसेंबरात उसाला तुरे आले की संध्याकाळच्या उन्हात ते चांदीसारखे दिसतात. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या आसपास, पलूसकडे, द्राक्षबागाही आहेत.

एक्सप्रेसनं जाऊ नका. दुसऱ्या गाडीला वाट द्यायला पॅसेंजर बाजूला काढतात तेव्हा लोक वैतागतात, पण निवांत बघायला तोच वेळ मिळतो.