लावलेले केस गळतायत, डॉक्टर!

प्रश्न : मी खानापूरचा, वय 31. हेअर ट्रान्सप्लांट करून 22 दिवस झाले. खपल्या दहाव्या दिवशी गेल्या. आता उशीवर रोज वीसेक केस दिसतात. पैसे पाण्यात गेले का? आई तेल चोळ म्हणते.

उत्तर : तुमच्याकडं भाताचा तरवा लावतात ना? लावणीनंतर रोप आधी पिवळं पडतं, मग धरतं. इथंही मूळ आत राहतं, वरचा केसच गळतो. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात हे बहुतेकांचं होतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावतात, खरा निकाल वर्षभरानं. तोवर आरशासमोर कमी उभे राहा. (सांगणाऱ्या डॉक्टरचंच टक्कल आहे, हसू नका.)

आईंना सांगा, तेल सध्या नको, चोळणं तर नकोच. नखं लावू नका, उन्हात सैल टोपी घाला. बेळगावला गाडीवरून येत असाल तर घट्ट हेल्मेट काढता-घालताना घासतं. ते कधीपासून चालेल हे सर्जनना विचारा, तोवर बसनं या. हेल्मेटशिवाय गाडी मात्र नको. तंबाखू-सिगारेट असेल तर बंद करा, टाळूचा रक्तपुरवठा कमी होतो.

पू, ताप किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा.