पत्रोत्तरं : पहिला बर्फ आणि सोमेश्वरचं पाणी

गेल्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही 'द फाउंटन' दाखवला. 2006 सालचा, डॅरेन ॲरोनॉफ्स्कीचा, 96 मिनिटांचा. साठेक माणसं होती. चौदा जण मधेच उठून गेले आणि दिवे लागल्यावर नऊ-दहा जण खुर्चीतच बसून राहिले, चहालाही उठले नाहीत. हे सदर लिहायला लागल्यापासून एका चित्रपटावर इतकी पत्रं मला कधी आली नव्हती, आणि इतकी चिडलेलीही. त्यातली काही इथे घेते.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढी : टॉम हा संशोधक माकडांच्या मेंदूतल्या गाठींवर औषध शोधतोय, कारण त्याच्या बायकोला, इझीला, तीच गाठ आहे. इझी एक कादंबरी लिहितेय. त्यात सोळाव्या शतकातला एक स्पॅनिश योद्धा राणीच्या आज्ञेवरून माया लोकांच्या देशात जीवनवृक्ष शोधायला जातो. तिसऱ्या धाग्यात टक्कल केलेला एक माणूस पारदर्शक बुडबुड्यात बसून, सुकत चाललेलं एक झाड बरोबर घेऊन, एका ताऱ्याकडे निघालाय. तिन्ही पुरुष ह्यू जॅकमन, राणी आणि इझी दोन्ही रेचल वाइस.

गंगापूर रोडवरून एक निवृत्त अभियंता लिहितात : ताई, तासभर कळ काढली, मग उठलो. स्पेनचा शिपाई, प्रयोगशाळा, बुडबुडा, कशाचा कशाला मेळ नाही. शेजारच्या बाई मात्र पदर डोळ्याला लावून बसलेल्या. आम्हाला अक्कल नाही की त्या उगाच हळव्या?

दोन्ही नाही. 2006 च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात हाच चित्रपट आधी पत्रकारांना दाखवला, तेव्हा शेवटी हुर्यो उडाली. दुसऱ्या दिवशी सामान्य प्रेक्षकांनी पाहिला आणि उभं राहून दहा मिनिटं टाळ्या वाजवल्या. चित्रपटात एका फ्रेमचाही फरक नव्हता. जे व्हेनिसला झालं तेच आपल्या साठ खुर्च्यांत झालं, आणि तुम्ही आणि शेजारच्या बाई त्या दोन बाजूंना बसला होतात इतकंच.

त्याच्या जन्माची कथाही अशीच आहे. आधी हा मोठ्या खर्चाचा चित्रपट होणार होता, ब्रॅड पिट आणि केट ब्लँचेट यांना घेऊन. 2002 मध्ये चित्रीकरण सुरू व्हायला थोडे आठवडे उरले असताना पिट बाहेर पडले आणि सगळं बंद झालं. दिग्दर्शकाने तो सोडला नाही. खर्च निम्म्यावर, साडेतीन कोटी डॉलरवर आणला आणि पुन्हा उभा केला. जगभरातून तिकिटांचे आले ते त्याच्याही निम्म्याहून कमी. पण वीस वर्षांनी नाशिकमध्ये साठ माणसं त्यावरून भांडतात, ही गोष्ट मला त्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

चूक माझ्याकडूनही झाली. सुरुवातीला मी माया लोकांचं पाताळ, जीवनवृक्ष, तीन काळ असं वीस मिनिटं समजावून सांगत बसले. माणसं मग परीक्षेला बसल्यासारखी बसली. पुन्हा दाखवीन तेव्हा एवढंच सांगीन, की प्रयोगशाळेच्या दारातल्या त्या प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. इझी कोट घालून येते, बाहेर पहिला बर्फ पडतोय, चल फिरायला जाऊ म्हणते. टॉम म्हणतो, आत सगळे थांबलेत, मला माकडावर शस्त्रक्रिया करायचीय. ती जाते. हा प्रसंग चित्रपटात पुन्हा पुन्हा येतो. तुम्ही उठलात तेव्हा तो शेवटचा यायचा राहिला होता.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सातपूर : अवकाशातले ते सोनेरी ढग कुठल्या सॉफ्टवेअरवर केलेत?

ते बरेचसे सॉफ्टवेअरवर केलेलेच नाहीत. पीटर पार्क्स नावाच्या सूक्ष्मछायाचित्रकाराने काचेच्या छोट्या बशीत रसायनं एकमेकांत सोडली आणि ती मिसळताना भिंगातून टिपली. तुला आकाशगंगा वाटली ती बोटभर जागेतली हालचाल होती. खर्च कमी झाला आणि आज तो भाग जुना दिसत नाही. त्याच काळातले संगणकावर केलेले अवकाशाचे देखावे शेजारी लावून बघ, तुझं तुलाच कळेल.

पंचवटीतून एक गृहस्थ : तो टकल्या माणूस झाडाच्या कानात बोलल्यासारखा बोलतो, सालीवर हात फिरवतो, तेव्हा मागच्या रांगेत लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात तीन पिढ्या रामकुंडावर दशक्रिया चालते. मरण आम्ही रोज सकाळी बघतो. आपल्याकडे 'वासांसि जीर्णानि' इतकं सोपं सांगून ठेवलंय, मग या लोकांनी एवढा गुंता का करावा?

तुमच्या पत्रावर मी चार दिवस विचार केला, कारण नाशिकच्या माणसाने विचारावा असा हा प्रश्न आहे.

आधी झाडाचं. तुम्ही राहता त्या भागाचं नावच पाच वडांवरून पडलंय. सीतागुंफेपाशी त्या वडांना आजही आकडे घातलेले आहेत, तुम्ही रोज त्यांच्याखालून जात असाल. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मारीचाच्या मागे गेलेला राम परत येतो, पर्णकुटी रिकामी दिसते, आणि तो काय करतो? झाडांना विचारत सुटतो. कदंबाला विचारतो, तुला माझी प्रिया दिसली का. बेलाला विचारतो, अर्जुनाला विचारतो. वाल्मीकी स्वतः म्हणतात की तो वेड्यासारखा दिसत होता. आपण त्याला हसत नाही. इथेच, याच नदीच्या काठी, प्रत्यक्ष राम झाडांशी बोलला असं मानणाऱ्या गावाला बुडबुड्यातला तो माणूस परका वाटू नये. त्याचीही पर्णकुटी रिकामी झालीय.

आता सोपेपणाचं. तुमच्या घाटावर दोन गोष्टी एकाच पाण्यात आहेत. अमृताच्या कुंभातला थेंब इथे पडला म्हणून बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, 2015 मध्ये आपण सगळ्यांनीच ती गर्दी पाहिली. आणि त्याच कुंडात गावोगावची माणसं तांब्यातून अस्थी घेऊन येतात, कारण इथे हाडं विरघळतात अशी श्रद्धा. न मरण्याची इच्छा आणि मेलेल्याला सोडून देणं, दोन्हींसाठी एकच पायऱ्या. हे जर इतकं सोपं असतं तर यक्षाने युधिष्ठिराला, जगात आश्चर्य कोणतं, असं विचारलंच नसतं. रोज प्राणी यमाच्या घरी जातात आणि उरलेले कायम राहू पाहतात, याहून मोठं आश्चर्य काय, हे त्याचं उत्तर. टॉम त्या उरलेल्यांपैकी आहे. तो बायको गेल्यावर चिडून म्हणतो की मरण हाही एक रोग आहे आणि मी त्यावर औषध काढीन.

आपल्या गोष्टींतही अशी माणसं आहेतच. सावित्री यमाच्या मागे चालत गेली. आदिपर्वातल्या रुरूने प्रमद्वरेला साप चावल्यावर स्वतःचं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवलं. फरक एवढाच की त्या दोघांना यश आलं. या चित्रपटात येत नाही. माकडाची गाठ आकसायला लागल्याची बातमी येते तेव्हा इझी गेलेली असते. श्लोक तुम्हाला पाठ आहे, मलाही आहे. पण दशक्रियेला बसलेल्या मुलाचे हात पिंड ठेवताना थरथरतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेत. त्या हातांवर हा चित्रपट आहे.

इंदिरानगरमधून एक वाचक : भविष्यातला प्रवास खरा, की कादंबरीचं शेवटचं प्रकरण? आमच्या घरात दोन तट पडलेत.

पडू द्या. इझी कादंबरी अपुरी ठेवून, तू पूर्ण कर, असं टॉमला सांगून जाते. मी त्या प्रवासाला त्याने लिहिलेलं शेवटचं प्रकरण समजते. माझा भाचा म्हणतो, त्याला खरंच ते झाड सापडलं आणि तो शेकडो वर्षं जगला. दोन्ही वाचनं टिकतात. योद्ध्याचं काय होतं ते मात्र वादाच्या पलीकडचं आहे : त्याला झाड सापडतं, तो अधाशासारखा चीक पितो, आणि त्याच्या अंगातून फुलं फुटून तो मातीत जातो. अमरत्व मिळालं, पण माणूस म्हणून उरला नाही.

शेवटचं पत्र, सिडकोतून, एका मुलीचं : ताई, माझ्या आईचा आजार आता बरा होण्यातला नाही. बाबा दिवसभर फाइल घेऊन बसतात, पुण्याच्या डॉक्टरांना फोन, इंटरनेटवर नवीन औषधं. आईशी बोलायला त्यांना वेळ नाही. मी तुमच्याकडे हा चित्रपट पाहिला आणि मला बाबाच दिसले. त्यांना दाखवू का? की त्यांना राग येईल?

बाळा, दाखवू नकोस. निदान आत्ता नको.

मी तुझ्या बाबांच्या जागी बसलेली आहे म्हणून सांगते. 2011 चा ऑगस्ट होता. आमच्या ह्यांची तिसरी केमो झाली होती. माझ्याकडे निळी फाइल होती, पारदर्शक कप्प्यांची, प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेला. त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, ज्याच्यावरून गोदावरीचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आल्याचं पेपरात होतं. दुपारी हे उठून बसले, शर्ट घातला, आणि म्हणाले, "चल, सोमेश्वरला जाऊन येऊ. धबधबा पडतोय म्हणे." लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही तिथे सायकलवर गेलो होतो. मी म्हटलं, "संध्याकाळी मुंबईच्या डॉक्टरांचा फोन येणार आहे, रिपोर्ट वाचून दाखवायचेत, उद्या जाऊ." ते बरं म्हणाले. शर्ट काढून घडी घालून ठेवला. फोन आला, मी सगळे आकडे वाचून दाखवले, डॉक्टर म्हणाले तेच औषध चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी ह्यांना ताप आला. त्यानंतर ते जिना उतरले ते दवाखान्यात जाण्यासाठीच.

म्हणून प्रयोगशाळेच्या दारातला तो प्रसंग आला की मला पडद्याकडे बघवत नाही, आणि म्हणूनच मी हा चित्रपट दाखवते. शेवटी टॉम त्याच क्षणाकडे परत जातो, आणि या वेळी काम टाकून तिच्या मागे बर्फात धावतो. खरोखर नाही, मनात. तोवर ती गेलेली असते आणि तिच्या मातीवर एक बी पेरण्याएवढंच त्याच्या हातात उरलेलं असतं. माझ्या समजुतीने सबंध चित्रपट, ते तारे, तो योद्धा, सगळं, त्या एका नाही म्हटलेल्या फेरफटक्यासाठी आहे. ज्यांनी असं काही नाकारलेलं नाही त्यांना तो फार सजवलेला वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही.

पण तुझ्या बाबांना तो आज दाखवलास तर त्यांना आरोप ऐकू येईल. त्या फाइलमध्ये त्यांचं सगळं प्रेम आहे. माझंही होतं. कुणी तेव्हा मला म्हटलं असतं की फाइल ठेव आणि बायको म्हणून बस, तर मी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं. माझ्या हातातून ती फाइल कुणी अर्ध्या तासासाठी मागून घेतली असती तर मात्र मी दिली असती. तेवढं तू करू शकतेस. रिपोर्टांची यादी मी करते म्हण. पुण्याचा फोन मी घेते म्हण. खरंच घे, आकडे नीट लिहून ठेव, म्हणजे त्यांना पुन्हा विचारावं लागणार नाही.

आणि आईला विचार, कुठे जायचंय. तिला कदाचित फक्त गॅलरीत खुर्ची टाकून हवी असेल, किंवा बाबांच्या हातचा चहा. सोमेश्वर म्हणाली तर सकाळी लवकर जा, रविवार टाळा, कणसंवाल्यांची आणि गाड्यांची फार गर्दी होते. देवळापर्यंत रिक्षा जाते. धबधब्यापाशी खडक शेवाळलेले असतात, खाली उतरू नका, आवाज वरूनही ऐकू येतो. एक जाड शाल आणि घडीची खुर्ची बरोबर ठेव. तू मागे थांब, त्या दोघांना पुढे बसू दे.

चित्रपटाची प्रत माझ्याकडे आहे. बाबांनी पुढे कधी आपणहून विचारलं, तर घेऊन जा.