पाठमोरा हर्क्युलिस

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ट्रंकेत एक चित्र सापडलं. पाठमोरा, पिळदार पुरुष आणि खाली त्याच्याकडे मान वर करून बघणारे दोघे. कोण हा? चित्र अस्सल असेल का?

उत्तर : हा ग्रीक-रोमन पुराणातला महाबली हर्क्युलिस. डच कलावंत हेंड्रिक गोल्त्झियस १५९०-९१मध्ये रोमला गेला होता. तिथल्या प्राचीन पुतळ्यावरून त्याने हा तांब्याच्या पत्र्यावर कोरला; अशा पत्र्याला शाई लावून कागदावर प्रती छापत. पाठीमागच्या हातातली सफरचंदं पाहिलीत? गोल्त्झियसचा उजवा हात लहानपणी भाजून वाकडा झाला होता, त्याच हाताने हे काम! पाठीवरची एकच रेष धरून बघा : सावलीत जाडावते, उजेडाकडे केसासारखी बारीक होते. मी भिंगातून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ उठवेना.

तुम्हीही भिंग लावाच. रेषा ठिपक्याठिपक्यांची दिसली तर अलीकडची छपाई. सलग असेल, शिवाय कडेने पत्र्याचा दाबलेला चौकोन उमटला असेल, तर जाणकाराला दाखवा. मात्र जुन्या पत्र्यांवरून मागाहूनही प्रती निघत. तोवर लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका.